निःशुल्क धार, फ्लॅट नं. २०३

इंदूरच्या आमच्या मल्टीच्या, म्हणजे फ्लॅटांच्या इमारतीच्या, लिफ्टमध्ये "दार हळू लावा" आणि "टँकर आल्यास मोटर चालवू नये" या दोन सनातन सूचनांच्या मधोमध परवा एक तिसरा कागद चिकटला. निळं स्केचपेन, ताठ सरकारी अक्षर. "सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की फ्लॅट नं. २०३ येथे चाकू, सुरी, कात्री, विळी इत्यादींस विदेशी दगडावर धार लावून मिळेल. निःशुल्क. वेळ सकाळी ८ ते १०. (रविवारी दिवसभर.)"

२०३ हा माझा फ्लॅट. "निःशुल्क"खाली दोन रेघा होत्या. पण मला सर्वांत जास्त झोंबला तो कंसातला रविवार.

मी दाढी उघड्या वस्तऱ्याने करतो. हा नाद कसा लागला ते सांगत बसत नाही. आल्यागेल्याला बायको ते चहाबरोबर सांगतेच आणि तिची आवृत्ती जास्त रंगते. वस्तरा जर्मनीतल्या झोलिंगेनचा, दोन्हीकडून पोट आत घेतलेला. याच्या धारेला रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून काही आठवडे जागं ठेवता येतं. मग एक दिवस तो केस कापायचं सोडून उपटायला लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि दगड काढावा लागतो. तो दगड बेल्जियमचा. दोन इंच रुंद, सहा इंच लांब, फिका पिवळा. आर्डेनच्या डोंगराळ भागात, विएलसाल्मच्या आसपास निघतो. नाव कोटिक्यूल. ते मी मल्टीत कुणाला कधी सांगितलं नाही, कारण "कोटि" ऐकून पुढचं कुणी ऐकलं नसतं.

झालं ते शनिवारी सकाळी. मी गॅलरीत स्टूल टाकून बसलो होतो, मांडीवर टॉवेल, समोर दगड, आणि वरून अण्णा आले. अण्णा म्हणजे चौथ्या मजल्यावरचे. रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि बऱ्याच वरच्या खुर्चीवरून निवृत्त झाले. आता मल्टीच्या कमिटीचे सचिव आहेत, म्हणजे पगार सोडला तर नोकरी चालूच आहे. पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे, त्यामुळे त्यांच्या मराठीवर हिंदी पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यासारखी भुरभुरलेली असते. मेंटेनन्सची पावती द्यायला आले होते. पावती खिशातच राहिली.

"काय करून राहिलात?"

"वस्तऱ्याला धार लावतोय, अण्णा."

"दगड कुठला?"

"बेल्जियमचा."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपण बसलोय कशावर?"

मी खाली पाहिलं. मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो होतो.

"अहो, माळव्याच्या पठारावर बसलोय! खाली खणाल तिथे काळा पत्थर. राजवाड्याच्या खालच्या तीन मजल्यांना तो चालला, होळकरांना चालला, तुमच्या दाढीला नाही चालत?"

मी आपलं शांतपणे सांगायला गेलो की आपला काळा दगड म्हणजे लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर पसरला आणि थिजला. त्यातले स्फटिक वेगवेगळ्या जातींचे, लहानमोठे. पाटा-वरवंट्याला यापेक्षा चांगला दगड नाही, कारण चटणीला खरखर हवीच असते. वस्तऱ्याच्या धारेला मात्र सगळे कण एका मापाचे आणि अतिशय बारीक लागतात, नाहीतर धारेची करवत होते आणि...

"दगडातलं मला नका सांगू," अण्णा म्हणाले. "गिट्टी पास करण्यात माझी हयात गेली. केवढ्याला पडला?"

बायको आत पोहे परतत होती, म्हणून बायकोला सांगितलेलाच आकडा मी अण्णांना सांगितला. "बारा हजार."

अण्णा खुर्ची ओढून बसले. खिशातून टेप निघाला. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी हा माणूस सदऱ्याच्या खिशात टेप ठेवतो. त्यांनी दगड मोजला. लांबी, रुंदी, मग उभा धरून जाडी.

"सहा बाय दोन बाय पाऊण. नऊ घनइंच. शंभर घनफुटात घनइंच किती? एक लाख बहात्तर हजार आठशे. त्याला नऊने भागा. म्हणजे असे दगड बसले एकोणीस हजार दोनशे. गुणिले बारा हजार." मोबाइलवर बोट फिरत होतं. ते थांबलं. "तेवीस कोटी चार लाख. शंभर घनफुटाला! तुमच्या पुण्याकडे ब्रास म्हणतात ना, त्या एका ब्रासला तेवीस कोटी चार लाख!"

आत कढईवरचा झाऱ्याचा आवाज बंद झाला.

"या भावाने मी रस्ता केला असता ना, तर माझी चौकशी बसली असती," अण्णा म्हणाले. मग दगड आडवा धरून त्यांनी डोळे बारीक केले. "आणि हा खालचा काळा भाग कसला?"

"ती पाटीच्या दगडाची चकती आहे. पिवळा थर खाणीत फार पातळ मिळतो आणि ठिसूळ असतो. तुटू नये म्हणून खाली आधाराला स्लेट चिकटवतात."

"म्हणजे रस्त्यासारखंच. खाली बेस कोर्स, वर वेअरिंग कोट."

मला कबूल करावं लागलं की कोटिक्यूलची इतकी नेमकी व्याख्या मी कुठेच वाचली नव्हती.

"आणि भाव सगळ्या जाडीचा दिला तुम्ही?" अण्णांनी टेप पुन्हा लावला. "वेअरिंग कोट पाव इंच. म्हणजे खरा माल तीनच घनइंच. मग सत्तावन्न हजार सहाशे दगड. गुणिले बारा हजार." मोठा श्वास. "एकोणसत्तर कोटी बारा लाख."

आतून पोह्यांचा करपल्याचा वास आला.

जपानमधल्या क्योतोजवळच्या नाकायामा खाणीचं नाव मी काढणारच होतो. ती बंद पडली आहे, आणि तिच्या जुन्या दगडांचे भाव असे आहेत की त्यांच्यापुढे माझा बेल्जियम गरीब वाटावा. वासानंतर मी विचार बदलला.

तरी मी दगडाची बाजू घेतली. घ्यायला नको होती असं मी म्हणणार नाही. दगडाला तोंड नसतं, कुणीतरी बोलायलाच हवं. म्हटलं, अण्णा, ही पिवळी माती सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचली. वरच्या थरांच्या दाबाने दबली, भाजली. आता हिच्यात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये गार्नेटचे कण बसलेत, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासचे. लहान दगडाने वर पाणी घालून घासलं की ते सुटतात, पाणी दाट होतं, आणि पोलाद झपझप झिजतं. मग थेंबाथेंबाने पाणी वाढवत जायचं. पाणी पातळ होतं तसा दगड मऊ वागायला लागतो. एकाच दगडावर भरड काम पण होतं आणि शेवटची जिल्हई पण. गंमत आहे की नाही?

अण्णांनी यातला एकच शब्द उचलला.

"गार्नेट म्हणजे?"

"आपला गोमेद त्याच कुळातला."

अण्णांनी दगड टॉवेलवर ठेवला. हात सदऱ्याला पुसला.

"गोमेद. राहूचा खडा."

"अण्णा, हा फक्त..."

"आणि त्यावर तुम्ही काय घासून राहिलात? लोखंड. लोखंड कुणाचं? शनीचं. वार कुठला?"

वार शनिवार होता.

"शनी-राहू युती! पत्रिकेत असली तर लोक उज्जैनला जाऊन शांती करतात. तुम्ही गॅलरीत बसून, हातांनी, घासून घासून युती घडवून राहिलात!" त्यांची नजर टॉवेलवर फिरली आणि थबकली. "हा केस कुणाचा?"

केस बायकोचा होता. धार झाली की नाही ते पाहायला लांब केस लागतो. एक टोक चिमटीत धरायचं, केस धारेवर नुसता टेकवायचा. धार खरी असेल तर न ओढता तुटतो. माझ्या डोक्यावर या कामाला लायक असं काही उरलेलं नाही, म्हणून मी कंगव्यातून घेतो. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. सांगताना मलाच ते वाईट ऐकू येत होतं.

"बाईचा केस," अण्णा म्हणाले. "कंगव्यातून. तिला न सांगता. आणि मघापासून मी पाहून राहिलोय, तुम्ही वस्तऱ्याने दगडावर फुल्या काढताय."

फुल्या नव्हत्या. वस्तऱ्याचं पातं तीन इंच आणि दगड दोन इंच रुंद. सगळ्या धारेला दगड लागायचा तर पातं पुढे नेता नेता बाजूलाही सरकवावं लागतं. जाताना तिरकं, येताना तिरकं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात, पाठ उचलली की कोन बिघडला. ही इतकी शुद्ध भूमितीची गोष्ट आहे. पण चौथ्या मजल्यावरून पाहणाऱ्याला ती आकृती दिसते, हे मी नाकारू शकत नाही.

अण्णांनी मोबाइलमध्ये पंचांग उघडलं. "दुपारनंतर अमावास्या लागतेय," ते हळूच म्हणाले, आणि खुर्ची एक फूट मागे घेतली.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"उपाय साधा आहे. जूनी इंदौरच्या शनिमंदिरात जा, तेल वाहा. आणि थोडं तेल या दगडावर पण सोडा."

"तेल नाही चालत याला. तेलाचे दगड वेगळे, अमेरिकेत अर्कान्सासला निघतात. हा पाण्याचा दगड."

"शनीला पाणी?"

"दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा प्लिनी लिहून गेलाय, अण्णा. धारेचे काही दगड तेल मागतात, काही पाणी मागतात. न्हाव्यांच्या दुकानातले तर थुंकीवर चालायचे."

हे मी का बोललो मला माहीत नाही. घाबरलो की मी माहिती देतो.

"थुंकी!" अण्णा उभे राहिले. "स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणलाय या शहराने. रस्त्यावर थुंकलात तर निगम दंड करते. आणि तुम्ही घरात..."

"मी नाही हो थुंकत! मी नळाचं पाणी घालतो!"

"नळाचं?" अण्णा थांबले. चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. "म्हणजे नर्मदेचं."

ही गोष्ट खरी आहे. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदा येते, जलूदहून उपसून, विंध्याचा घाट चढवून. माझ्या बेल्जियमच्या दगडावर रोज नर्मदास्नान होतं आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. अण्णा बसले. तेवढ्या एका मुद्द्यावर मी सुटलो असं वाटलं. म्हणून मी उत्साहाने पुढे म्हणालो की नर्मदेतले बाणलिंगाचे गोटेही स्फटिकाच्या जातीचे, गारगोटी-अकिकाच्या कुळातले. अर्कान्सासचा दगडही त्याच घराण्यातला. तेव्हा अण्णा, आपल्या नर्मदाकाठच्या बकावांचा एखादा गोटा सपाट कापून घेतला ना, तर त्यावर वस्तरा...

"नर्मदा के कंकर, उत्ते शंकर," अण्णा म्हणाले. आवाज पूर्ण बदलला होता. "तुम्ही शंकरावर दाढीचा वस्तरा घासणार?"

मी गप्प झालो. पोह्यांची ताटली आली. एकच. अण्णांना. बायको माझ्याकडे न बघता आत गेली. एकोणसत्तर कोटी बारा लाख तिच्या मानेवर स्पष्ट दिसत होते.

अण्णांनी करपलेले पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले आणि जाताना निकाल दिला. "राहूला काय लागतं माहीत आहे? सेवा. गोरगरिबांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची, पैसा न घेता. मी बघतो काय ते."

मी बघतो काय ते, याचा अर्थ मला लिफ्टमध्ये कळला.

आता एक गोष्ट सांगायची तर या शहरात असा दगड ठेवणारी माणसं होती. न्हाव्याच्या खुर्चीच्या हाताला चमोटा, म्हणजे चामड्याचा पट्टा, लटकलेला असायचा आणि खणात सिल्ली, म्हणजे धारेचा दगड. गिऱ्हाईक बसलं की फटक-फटक आवाज आधी, वस्तरा मग. त्या अमेरिकन जिलेटने १९०४ साली फेकायच्या पात्याच्या रेझरचं पेटंट घेतलं तरी आपल्याकडच्या न्हाव्याचं फारसं बिघडलं नव्हतं. घरी दाढी करणारे घरी गेले, इतकंच. वस्तरा संपवला तो एड्सच्या भीतीने. आता न्हावी ब्लेडचा कागद न सोडवताच मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्याच्या आकाराच्या पट्टीत सरकवतो, आणि आपल्याला मुद्दाम दाखवतो, नवीन आहे बघा. ते बरोबरच आहे. माझ्यासाठी वापरलेला वस्तरा दुसऱ्याच्या गालावर फिरावा असं मलाही वाटत नाही. पण त्याबरोबर सिल्लीही गेली. मी माझ्या न्हाव्याला विचारलं होतं, जुनी सिल्ली आहे का कुठे? तो म्हणाला, "दादाजी के पास थी भिया. मम्मी ने उसपे बरसों अदरक कूटी."

आणि कचऱ्याचं म्हणाल तर इथे आपण सहा प्रकारचा कचरा वेगळा करणारे लोक. वापरलेली ब्लेडं कुठल्या डब्यात टाकायची यावर आमच्या मजल्यावर दोन घरांचं बोलणं बंद आहे. उघडा वस्तरा वापरला तर तो प्रश्नच येत नाही. एका वस्तऱ्यात माणसाचा जन्म निघतो. या मुद्द्यावर नागरिक म्हणून माझं कौतुक व्हायला हरकत नव्हती. त्याऐवजी मला विळ्या आल्या.

पहिल्या सकाळी आठला पाच मिनिटं कमी असतानाच बेल वाजली. एक गंजलेली सुरी. मग नारळ खवायची विळी, दातांना पण धार लावून द्या म्हणून. मग मिक्सरचं भांडं, पातं काढायचं कसं ते तुम्हीच बघा. नेलकटर. शिवणाची नागमोडी कात्री. दुसऱ्या मजल्यावरच्या तिसरीतल्या मुलाने त्याचा पेन्सिलीचा शार्पनर आणला. आईने पाठवलं का विचारलं तर म्हणाला, नाही, मी लिफ्टमध्ये वाचलं. तो एकटाच सूचना वाचून, स्वतःच्या गरजेने, वेळेत आला होता. त्याच्यावर मी चिडलो नाही.

स्वयंपाकघरातल्या पात्यांसाठी माझ्याकडे साधा दुहेरी दगड आहे, एक बाजू भरड, एक मऊ, कार्बोरंडमचा, हार्डवेअरच्या दुकानातला. तोच वापरणार होतो. बेल्जियमवर विळी लावण्याचा प्रश्नच नव्हता. वस्तऱ्याच्या धारेला पेलेल एवढंच काम तो करतो. विळीला त्याच्यावर आठवडा लागेल. शिवाय विळी वाकडी. सपाट दगडावर ती टेकणार कुठे?

हा शेवटचा प्रश्न तळमजल्यावरच्या काकूंनी सोडवला.

काकू विळी घेऊन आल्या, दुसऱ्या हातात अर्धं लिंबू, गंज पुसायला. मी म्हटलं, बसा काकू, दगड आणतो. कार्बोरंडम मोरीत होता. तो धुऊन आणेपर्यंत कितीसा वेळ गेला असेल? परत आलो तर काकू गॅलरीत फरशीवर बसलेल्या, विळीच्या पाटावर पाय, आणि हातात माझा पिवळा दगड. तो त्या विळीच्या पात्यावरून खाली-वर, खाली-वर घासत होत्या. जोर लावून. मनापासून.

"काकू!"

"झालंच हो. तुम्हाला कशाला त्रास म्हटलं." दोन हात आणखी मारून त्यांनी अंगठ्याने धार पाहिली. "दगड ठीक आहे तुमचा, पण फार गुळगुळीत. मिळाला तर जरा खरखरीत आणा."

त्या वेळी अण्णा जिन्यातून वर चालले होते. उघड्या दारातून त्यांना दिसलं ते असं: बाई, विळी, पिवळा दगड, कापलेलं लिंबू, आणि मी डोक्याला हात लावून उभा. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. दोन पायऱ्या मागे उतरले आणि लिफ्टने गेले.

दगडावर चर पडला आहे. लांबीत, मधोमध, नखाला लागेल इतका. आता तो घालवायचा तर काचेवर पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ठेवून सगळा दगड घासायचा, चर बुडेपर्यंत. म्हणजे चराच्या खोलीएवढा पिवळा थर सगळीकडून घालवायचा. पाव इंचातला. ४८ कोटी वर्षं समुद्राखाली, डोंगराखाली, बेल्जियमखाली राहून जे टिकलं ते सुदामा नगरच्या गटारात चाललं आहे, आणि पहिल्या नंबरच्या शहरात त्यासाठी वेगळा डबाही नाही.

काकूंवर राग नाही, असं मी दोनदा बायकोला सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते खोटं होतं. राग आहे. पण काकूंपेक्षा त्या "निःशुल्क"वर जास्त आहे. आपल्याकडे ज्याला गाता येतं त्याला गणपतीत बोलवून नारळ देतात. ज्याला चित्र काढता येतं त्याच्याकडून लग्नाच्या दारावरचं नाव रंगवून घेतात. ज्याला संगणक कळतो त्याने सगळ्या नात्याचे फोन दुरुस्त करायचे. "त्याला आवड आहे" असं म्हटलं की पैशाचाच काय, विचारण्याचाही प्रश्न मिटतो. रविवारी दिवसभर! मला कुणी विचारलं होतं? दुधवाल्याला रविवारी पाच मिनिटं उशीर झाला तर हेच लोक त्याला जिन्यात गाठतात. आणि खाली जो धारवाला येतो, सायकल स्टँडवर लावून पायडलवर चाक फिरवणारा, त्याच्याशी पाच-पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. तो बिचारा उन्हात उभा राहून ठिणग्या उडवतो. त्याच्या चाकावर पातं तापून निळं पडतं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं हे खरं; पण घाई कोण करतं? वरून ओरडणारे गिऱ्हाईकच.

तो धारवालाच रविवारी दुपारी दारात उभा राहिला. वॉचमनने त्याला सूचना वाचून दाखवली होती.

"भिया," तो म्हणाला, "ये क्या चालू कर दिया आपने?"

मी म्हटलं, मी नाही चालू केलं. तो आत बघत होता. दारामागे विळ्यांची रांग लागली होती, प्रत्येकीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी. पुरावा म्हणून यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी त्याला दगड दाखवला, म्हणजे हा माझा धंदा नाही हे त्याला पटावं. त्याने दगड हातात घेतला, अंगठा ओला केला, पिवळ्यावर गोल फिरवला, बोटांत चिखल चोळून पाहिला. आमच्या मल्टीत दगड असा हातात घेणारा तो पहिला.

"माल तो उम्दा है," तो म्हणाला. मग उजेडाकडे धरून, "पर इसपे ये गड्ढा किसने मारा?"

मी म्हटलं, ते सोड. या सगळ्या विळ्या खाली ने, धार लावून दे, काय होतील ते पैसे मी देतो.

"नग के चालीस."

"चाळीस? काल समोरच्या मल्टीत तीसने केल्यास!"

"वो तो ग्राहक हैं भिया. आप धंदे में हो."

मी पैसे काढत होतो, तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून अण्णा वाकले. त्यांना विळ्या खाली जाताना दिसत होत्या.

"नगावर देऊ नका हो!" ते ओरडले. "रनिंग फुटाने ठरवा! टेप टाकतो खाली!"

टेप आला. धारवाल्याने वर पाहिलं, टेपकडे पाहिलं, चाकावर पाणी शिंपडलं आणि भाव पंचेचाळीस केला.